खत वाचून दाखवणारा माणूस : सुप्याच्या उठावापासून बँकेच्या काउंटरपर्यंत

१/
मित्रहो, आजच्या धाग्यात लढाया नाहीत, किल्ले नाहीत. आहे तो एक साधा प्रश्न. कर्ज, ठेव किंवा विमा देणाऱ्या संस्थेतला माणूस समोरच्याला कागद नीट समजावून सांगतो का, आणि तसे सांगायला त्याला कोणी शिकवले आहे का? हा प्रश्न आजच्या बँकांचा वाटतो. प्रत्यक्षात त्याची मुळे दीडशे वर्षांपूर्वीच्या पुणे जिल्ह्यात सापडतात.

२/
विषय सुचला तो घरातून. गेल्या वर्षी आजीची मुदत ठेव संपली म्हणून ती एका बँकेत गेली. सह्या करून परतली. काही दिवसांनी टपालाने आली ती आयुर्विम्याची पॉलिसी, दरवर्षी हप्ता भरण्याची. आजीचे वय ७४. पॉलिसी परत करण्याची मुदत सुदैवाने संपलेली नव्हती, म्हणून पैसे वाचले. काउंटरवरचा मुलगा माझ्याच वयाचा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आम्हाला टार्गेट सांगतात हो. नियम काय आहेत ते कुणी बसवून शिकवलंच नाही."

३/
त्याचे ते वाक्य डोक्यातून गेले नाही. कारण त्याच सुमारास मी प्रबंधिकेसाठी १८७५ च्या दंगलींसंबंधी वाचत होतो, आणि तिथेही हेच चित्र होते. एका बाजूला कागद लिहिणारा, दुसऱ्या बाजूला कागद वाचता न येणारा, आणि दोघांच्या मध्ये कोणीच नाही.

४/
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले सुपे हे बाजाराचे गाव. शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. मागणी एकच : खते, रोखे, खातेवह्या बाहेर काढा. कागद हाती आले की त्यांची होळी. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण शिरूर, इंदापूर, पुरंदर या तालुक्यांत आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत पोहोचले.

५/
या उठावाचे वैशिष्ट्य लक्षात घ्या. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे बहुधा माणसांना इजा झाली नाही. राग होता तो कागदावर. शेतकऱ्यांनी ज्यांच्यावर अंगठे उठवले होते त्या कागदांत नेमके काय लिहिले आहे, हे त्यांतल्या बहुतेकांना कधीच कळलेले नव्हते.

६/
पार्श्वभूमी थोडक्यात. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला तिकडून येणारा कापूस आटला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. दख्खनमध्ये कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच दशकात मुदत संपलेल्या तालुक्यांत नवी, वाढीव सारा-आकारणी सुरू झाली. सारा रोखीत आणि ठरल्या तारखेला भरायचा. त्यासाठी पुन्हा सावकाराचाच उंबरठा.

७/
आता यातला कायद्याचा भाग पाहू. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची केली. हेतू चांगला होता. जुनी खाती उकरून काढून ऋणकोला छळता येऊ नये. प्रत्यक्षात उलटे घडले. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि नवे खत लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात जमा होई आणि त्या फुगलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू होई.

८/
आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवे लिहिले गेले तर दामदुपट मोजायची कशावरून? नियम पुस्तकात जिवंत होता आणि खतावर मेलेला होता.

९/
दिवाणी न्यायालयात काय होई? सावकार खत घेऊन जाई. कुळाला समन्सचा अर्थ कळत नसे, किंवा कळूनही दूरच्या कचेरीत जाऊन उपयोग नाही असे वाटे. एकतर्फी हुकूमनामा होई. न्यायाधीश खतावरचा आकडा पाहत, त्या आकड्यापर्यंत हिशेब कसा आला हे पाहत नसत. त्यांना तसे करायला कायदा सांगत नव्हता आणि कोणी शिकवलेही नव्हते.

१०/
उठावानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून हा अहवाल सावधपणे वाचावा लागतो. सावकाराच्या लोभाकडे त्यात जितके बोट दाखवले आहे तितके सरकारच्या साऱ्याकडे नाही. तरीही कागदांच्या व्यवहाराचे त्यातले तपशील अमूल्य आहेत.

११/
यातून आला १८७९ चा सतरावा कायदा, 'डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट'. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. पाठ्यपुस्तकात तो एका ओळीत संपतो. पण त्याची कलमे वाचली की आज ज्याला आपण ग्राहक-संरक्षण म्हणतो त्याचा जवळजवळ पूर्ण आराखडा तिथे दिसतो. नमुन्यादाखल काही तरतुदी पाहू.

१२/
पावती : शेतकऱ्याने पैसे भरले की लेखी पावती मिळण्याचा त्याला हक्क. हिशेब : वर्षातून एकदा खात्याचे विवरण मागण्याचा हक्क. पासबुक : व्यवहाराची नोंद असलेले पुस्तक सावकाराकडून मागण्याचा आणि ते वेळोवेळी भरून घेण्याचा हक्क. टाळाटाळ केल्यास दंड. बँकेतले पासबुक आपण इतके गृहीत धरतो, की त्यासाठी एकदा कायदा करावा लागला होता हे वाचून मला स्वतःला धक्का बसला.

१३/
न्यायालय : दावा आला की केवळ खत पाहून निकाल देऊ नये. दोन्ही पक्षांची तपासणी करावी, व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब उघडावा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडावे. कर्जापायी शेतकऱ्याला अटक व कैद नाही. आणि दावा लावण्याची मुदत वाढवली, नोंदलेल्या खतासाठी १२ वर्षे. म्हणजे दर तीन वर्षांनी नवे खत करून घेण्याचे निमित्तच उरले नाही.

१४/
या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र वेगळी आहे. शेतकऱ्याने करून द्यायचे खत गावरजिस्ट्रारसमोरच झाले पाहिजे. त्याने ते स्वतः लिहावे किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावे. मग मोठ्याने वाचून दाखवावे. करून देणाऱ्याला ते समजले आहे याची खात्री करावी. त्यानंतरच सही किंवा अंगठा. मोबदला किती, हे खतात स्पष्ट नमूद व्हावे. जुन्या खताच्या बदली नवे होत असेल तर जुने हजर करावे.

१५/
इथे क्षणभर थांबू या. कायद्याने व्याजाचा दर ठरवण्याऐवजी एक माणूस नेमला आणि त्याला काम दिले : वाचून दाखव, आणि समजले की नाही ते पाहा. 'वाचून दाखव' हे काम कोणालाही जमेल. 'समजले की नाही ते पाहा' हे शिकावे लागते. समोरचा मान डोलावतो म्हणजे त्याला समजले असे नाही. सावकार शेजारी बसलेला असताना कुळ मान डोलावणारच.

१६/
मग या गावरजिस्ट्रारांना, तडजोड घडवणाऱ्या पंचांना, ग्राममुन्सफांना आणि दुय्यम न्यायाधीशांना हे कोणी शिकवायचे? कायद्याने त्यासाठी विद्यालय काढले नाही. त्याऐवजी देखरेखीची व्यवस्था केली. एक विशेष न्यायाधीश आणि त्याचे सहायक फिरत राहतील, दप्तरे तपासतील, चुकीचे निकाल दुरुस्त करतील.

१७/
या कामावर आलेली सर्वांत परिचित व्यक्ती म्हणजे महादेव गोविंद रानडे. १८८१ पासून काही वर्षे त्यांनी या कायद्याखालील न्यायालयांच्या तपासणीचे काम केले. १८८७ मध्ये ते विशेष न्यायाधीश झाले, आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जाईपर्यंत ते पद त्यांच्याकडे होते. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात या फिरतीच्या दिवसांचे वर्णन येते. आपण त्या फिरतीकडे संसाराची हकीकत म्हणून पाहतो. कामाच्या बाजूने पाहिले तर ती प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेली तपासणी आणि शिकवण होती.

१८/
कल्पना करा. आधी खतावरचा आकडा पाहून हुकूमनामा देण्याची सवय असलेला दुय्यम न्यायाधीश. आता त्याने शेतकऱ्याला समोर उभे करून विचारायचे : पहिल्यांदा किती घेतलेस? हातात किती पडले? धान्य किती दिलेस? ते खात्यात धरले का? असे विचारण्याची सवय परिपत्रकाने लागत नाही. निकाल वरून तपासला जाणार आहे, हे ठाऊक असले की लागते.

१९/
कायदा यशस्वी झाला का? उत्तर संमिश्र आहे. एकतर्फी हुकूमनाम्यांचा धडाका ओसरला आणि तुरुंगाची धमकी संपली. पण सावकारांनीही वाट काढली. गहाणखताऐवजी सरळ विक्रीखत करून घ्यायचे आणि 'पैसे फेडलेस की जमीन परत देईन' असे तोंडी सांगायचे. कागदावर विक्री, मनात गहाण. पुढे न्यायालयांना कागदामागचा खरा व्यवहार पाहता यावा म्हणून कायद्यात दुरुस्ती करावी लागली. तारण नसलेल्यांना कर्ज मिळणेही अवघड झाले.

२०/
यातला धडा असा : गावरजिस्ट्रारने विक्रीखतही मोठ्याने वाचून दाखवले असेल. शब्दन् शब्द बरोबर. पण खतात नसलेली तोंडी बोली त्याने विचारली नसेल, तर वाचन निष्फळ. कामाचा विधी पुरा झाला आणि हेतू निसटला. आज बँकेच्या अर्जावर 'मला सर्व अटी समजावून सांगण्यात आल्या आहेत' ही छापील ओळ असते. आजीच्या अर्जावरही होती. तिने त्याखाली सही केली होती.

२१/
आता विसाव्या शतकात येऊ. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर कर्ज देणारा सावकाराच्या जोडीने संस्थाही झाली. संस्थेला कर्मचारी लागतो आणि कर्मचाऱ्याला शिक्षण. १९२८ मध्ये मुंबईत बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा घेणारी 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स' स्थापन झाली. १९५४ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईत बँकर्स ट्रेनिंग कॉलेज काढले. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्याच वर्षी पुण्यात कृषी बँकिंग महाविद्यालय सुरू झाले.

२२/
या शिक्षणाचा भर साहजिकच हिशेब, चलनक्षम दस्तऐवज, कर्जाची छाननी यांवर होता. म्हणजे बँकेचे पैसे कसे सांभाळावेत यावर. ग्राहकाला काय सांगायचे आणि काय लपवायचे नाही, हा स्वतंत्र विषय व्हायला बराच काळ जावा लागला. १९७५ मध्ये आर. के. तलवार यांच्या अध्यक्षतेखाली बँकांतील ग्राहकसेवेचा विचार करण्यासाठी कार्यगट नेमला गेला. पुढे १९९० मध्ये गोईपोरिया समिती आली.

२३/
बाहेरून रेटा आला तो चळवळीचा. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि 'सेवा' या संज्ञेत बँकिंग, वित्तपुरवठा व विमा यांचा स्पष्ट समावेश झाला. १९९५ मध्ये बँकिंग लोकपाल योजना आली. तक्रार करायला दार मिळाले. पण तक्रार ही नेहमी नुकसान झाल्यावर होते. आधी काय?

२४/
'आधी काय' याचे उत्तर म्हणजे प्रशिक्षणाची सक्ती. २००० मध्ये विमाक्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले तेव्हा नियामकाने एजंटच्या परवान्यासाठी १०० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक केली. काही वर्षांतच हे तास ५० वर आले. विक्रीचा वेग आणि शिकवण्याचा वेळ यांची ओढाताण तेव्हापासूनची आहे.

२५/
दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २००० नंतरच्या दशकात कर्जवसुलीसाठी गुंड पाठवण्याचे प्रकार वाढले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा वसुलीवर कडक ताशेरे ओढले. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांसाठी नियम घातले आणि किमान १०० तासांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुचवला. तो चालवण्याची जबाबदारी आली त्याच १९२८ च्या संस्थेकडे, आता नाव बदललेल्या. २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही.

२६/
डिसेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकांच्या हक्कांची सनद जाहीर केली. पाच हक्क : समान व न्याय्य वागणूक, पारदर्शक आणि प्रामाणिक व्यवहार, ग्राहकाला योग्य असेल तेच उत्पादन, गोपनीयता, तक्रार निवारण व भरपाई. यातला तिसरा हक्क पाहा. ७४ वर्षांच्या माणसाला लांब मुदतीचा, दरवर्षी हप्ता भरण्याचा विमा योग्य आहे का, हा प्रश्न विचारणे काउंटरवरच्या मुलाचे काम आहे. ते त्याला शिकवणे संस्थेचे काम आहे.

२७/
पण केवळ शिकवून भागते का? ब्रिटनचे उदाहरण सावध करणारे आहे. तिथे वित्तीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण व पात्रतेविषयी नियामकाचे स्वतंत्र नियम होते. तरीही कर्जाबरोबर हप्ता-संरक्षण विमा लाखो लोकांच्या गळ्यात मारला गेला. काहींना तो लागूच होत नव्हता, काहींना तो घेतल्याचे ठाऊकही नव्हते. अखेर संस्थांना सुमारे ३८ अब्ज पौंड परत करावे लागले. सकाळी नियमांचा वर्ग आणि संध्याकाळी विक्रीचे उद्दिष्ट, असे असेल तर कर्मचारी संध्याकाळचाच धडा लक्षात ठेवतो.

२८/
म्हणून १८७९ च्या रचनेकडे मी पुन्हा वळतो. त्या कायद्याला मर्यादा होत्या. सारा तसाच राहिला. रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरस्कारलेल्या कृषी बँकेच्या योजनेला लंडनहून मान्यता मिळाली नाही. पण एक गोष्ट त्यात अचूक होती. वाचून दाखवणारा माणूस सावकाराचा नोकर नव्हता. खत जास्त झाले म्हणून सावकार त्याला बक्षिशी देणार, अशी रचना कायद्याने केलेली नव्हती. आज समजावून सांगणारा आणि विकणारा एकच आहे, आणि अडचण नेमकी तिथे आहे.

२९/
त्या मुलाला मी दोष देऊ शकत नाही. तो पंचवीस वर्षांचा, पहिल्या नोकरीतला. त्याला १०० तास शिकवले असते, आणि चुकीची विक्री केल्यास त्याच्या साहेबालाही उत्तर द्यावे लागले असते, तर त्याने आजीला एक प्रश्न नक्की विचारला असता : "आजी, दरवर्षी एवढे पैसे कुठून भरणार?" त्या एका प्रश्नाने पुढचे सगळे टळले असते.

३०/
शेवटी एक विनंती. पुणे, सातारा, सोलापूर, नगर भागातल्या मित्रांनी घरातली जुनी दप्तरे पाहावीत. १८८० ते १९०० च्या दरम्यानचे एखादे खत सापडले, तर त्यावर गावरजिस्ट्रारची नोंद आहे का ते बघा. कदाचित मोडी वाचणाऱ्याची मदत लागेल. कागद फाडू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. फोटो काढून ठेवा. आणि घरातले कोणी वडीलधारे बँकेत निघाले असतील तर सोबत जा. सही करण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तो हक्क मागणारे आपण पहिले नाही.

धागा समाप्त. चूक आढळल्यास अवश्य कळवा, दुरुस्ती करीन.